तळ्यांचा प्रदेश, सर्वांचा काठ



या व्यासपीठावरून आपण संतसाहित्य, नाट्यसंगीत, सीमाभागाचा इतिहास अशा विषयांवर जाणकारांना ऐकलेले आहे. मी साहित्यिक नाही. गेली अडतीस वर्षे बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो, आणि या सभेशी माझे नाते वाचकाचे आणि वर्गणीदाराचे. कार्यवाह म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही दोनदा लेकीकडे राहून आलात, एकदा उन्हाळ्यात, एकदा हिवाळ्यात. तिथले काही सांगा." मी होकार दिला, पण नुसते प्रवासवर्णन सांगणार नाही, अशी अट घातली. कारण काय पाहिले यापेक्षा जे पाहिले ते तिथे कसे उभे राहिले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

विषय निवडण्यामागे माझ्या दवाखान्यातले एक कारण आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतली मुले आता परदेशी आहेत. आईवडील सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे जातात आणि परतल्यावर कधीतरी माझ्यासमोर येऊन बसतात. वजन वाढलेले असते, साखर वाढलेली असते, गुडघे आखडलेले असतात आणि चेहरा उतरलेला असतो. विचारले की उत्तर ठरलेले, "काय सांगू डॉक्टर, मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. घर राजवाड्यासारखे, पण आत कोंडल्यासारखे झाले. बाहेर पडायचे तर गाडी पाहिजे, आणि पडून जायचे कुठे?" हा शेवटचा प्रश्न माझ्या मनात राहिला होता. माझी मुलगी ज्या राज्यात राहते तिथे त्याचे उत्तर मला सापडले, म्हणून आज त्याबद्दल बोलतो.

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून मिनेसोटा हे राज्य आहे. क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे कर्नाटकापेक्षा थोडे मोठे. लोकवस्ती मात्र ५७ लाखांच्या आसपास. तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर 'दहा हजार तळी' असे छापलेले असते. अशा बिरुदांत सहसा फुगवून सांगितलेले असते. इथे उलट आहे. दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. शेवटच्या हिमयुगात या भूमीवर बर्फाचे प्रचंड थर होते. ते मागे हटताना जमीन खरवडली गेली, खळगे पडले, आणि जागोजागी बर्फाचे मोठमोठे तुकडे मातीत गाडले गेले. ते सावकाश वितळले आणि तिथे तळी झाली. राज्याचे नाव तिथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेतले आहे. 'म्नी' म्हणजे पाणी आणि 'सोटा' म्हणजे आभाळाची, ढगांची छटा असलेले. मिनीआपोलिस या मोठ्या शहराच्या नावात डकोटांचे 'म्नी' आणि ग्रीकांचे 'पोलिस', म्हणजे नगर, असा संकर आहे.

तळी निसर्गाने दिली हे खरे. पण त्यांच्या काठावर कोणी बसायचे, हे निसर्ग ठरवत नाही. ते माणसे ठरवतात, आणि तिथल्या माणसांनी ते कसे ठरवले हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

आधी शहर घेऊ. १८८३ साली मिनीआपोलिसच्या मतदारांनी उद्यानांसाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन करायला मान्यता दिली. चार्ल्स लोरिंग हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांनी होरेस क्लीव्हलँड या उद्यानरचनाकाराला योजना आखायला सांगितली. क्लीव्हलँडचे म्हणणे साधे होते. शहर वाढणार आहे, जमिनीचे भाव चढणार आहेत, तेव्हा तळ्यांच्या आणि नदीच्या काठची जमीन आत्ताच घेऊन ठेवा. झाडे लावायला, बाके ठेवायला पुढच्या पिढ्या आहेत, पण जमीन एकदा हातची गेली की परत मिळत नाही. मंडळाने ऐकले. १९०६ पासून पुढे जवळपास तीस वर्षे थिओडोर विर्थ हे उद्यानप्रमुख होते. त्यांच्या काळात दलदलीसारख्या तळ्यांतला गाळ उपसला गेला, काठ बांधले गेले, आणि १९११ साली दोन तळी कालव्याने जोडली तेव्हा शहराने उत्सव केला.

आज परिणाम असा दिसतो की शहरातल्या मोठ्या तळ्यांच्या काठाला बंगले नाहीत. बंगले आहेत, पण रस्त्याच्या पलीकडे. तळे, मग गवत, मग चालणाऱ्यांची वाट, शेजारी सायकलींची वेगळी वाट, मग गाड्यांचा रस्ता, आणि त्यानंतर श्रीमंतांची घरे. कोट्यधीशाला आणि माझ्यासारख्या पाहुण्या आजोबाला तळ्यापर्यंत जायला तोच गवताचा पट्टा ओलांडावा लागतो. लेक हॅरिएट या तळ्याची फेरी साडेचार किलोमीटरच्या आसपास, त्याच्या शेजारच्या बडे मका स्का या तळ्याची पाच. हॅरिएटच्या काठी १९०८ साली केलेली गुलाबांची सार्वजनिक बाग आहे आणि उन्हाळ्यात संध्याकाळी खुल्या मंडपात संगीताचे कार्यक्रम होतात. तिकीट नाही. अशा तळ्यांना, धबधब्याला आणि नदीकाठाला जोडत पन्नास मैलांहून लांब असा हिरवा मार्ग शहराभोवती फिरतो.

बडे मका स्का या नावाचीही कहाणी आहे. हे डकोटा नाव, अर्थ साधारणपणे 'पांढऱ्या मातीचे तळे'. मधली दीड-दोनशे वर्षे या तळ्याला गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या कॅलहून या राजकारण्याचे नाव होते. २०१८ साली राज्याने मूळ नाव मान्य केले, त्यावर कोर्टकज्जे झाले, आणि २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम राखले. दोन नावांच्या गावात आपण राहतो, तेव्हा यावर मी जास्त बोलत नाही.

साहित्यप्रेमींसाठी आणखी एक गंमत. शहरातल्या मिनेहाहा धबधब्याचे नाव जगभर पोचले ते लाँगफेलो यांच्या १८५५ सालच्या 'हायावाथा' काव्यामुळे. धबधबा आहे अवघा ५३ फुटांचा, आपल्या गोकाकच्या तुलनेत ओहोळच म्हणायचा. आणि कवीने तो कधीही प्रत्यक्ष पाहिला नव्हता.

शहराबाहेर मात्र चित्र वेगळे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. उत्तरेकडच्या कितीतरी तळ्यांचा काठ खाजगी आहे. तिथे लोकांची लाकडी घरे असतात, त्यांना 'केबिन' म्हणतात, आणि उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी अर्धे शहर तिकडे निघते. मग ज्याच्याकडे केबिन नाही त्याने काय करायचे? याचे उत्तर कायद्यात आहे. १८९३ साली एका आटत चाललेल्या तळ्याच्या तळाच्या जमिनीवरून वाद झाला आणि तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. लॅम्प्री विरुद्ध मेटकाफ हा तो खटला. न्यायालयाने त्यात जी भूमिका घेतली तिचा आशय असा की, सार्वजनिक पाणी म्हणजे फक्त मालवाहू बोटी चालतात ते पाणी नव्हे. नौकाविहार, पोहणे, बर्फावर घसरणे, पिण्यासाठी पाणी घेणे, बर्फ कापून नेणे, हेही लोकांचे हक्काचे उपयोग आहेत, आणि लोकवस्ती वाढेल तसे त्यांचे मोल वाढत जाईल. एकशेतीस वर्षांपूर्वी एका न्यायालयाने करमणुकीला व्यापाराइतके महत्त्व दिले, हे मला विलक्षण वाटते. त्या धोरणातून आज ठिकठिकाणी सार्वजनिक उतार बांधलेले आहेत. कोणीही तिथून होडी पाण्यात सोडावी. एकदा कायदेशीर वाटेने पाण्यावर गेलात की सबंध तळ्यावर फिरायला मोकळे, काठावरचे घर कोणाचेही असो.

अशी मोकळीक असली की माणसे नवे खेळही शोधतात. मिसिसिपी नदी एका ठिकाणी पसरून तिचे तळे होते, त्याला लेक पेपिन म्हणतात. तिथल्या लेक सिटी गावातल्या राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या पोराच्या मनात आले की बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का नाही? त्याने पाइनच्या दोन फळ्या घेतल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वर वळवली, पायात अडकवायला चामड्याचे पट्टे लावले आणि भावाला बोट चालवायला सांगितले. कितीतरी वेळा पाण्यात पडला. २ जुलै १९२२ या दिवशी तो पाण्यावर उभा राहिला. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या वॉटर स्कीइंगची ही सुरुवात. त्याने पेटंट घेतले नाही.

आता अगदी उत्तरेला जाऊ. कॅनडाच्या सीमेवर बाउंडरी वॉटर्स नावाचे राखीव रान आहे. दहा लाख एकरांहून मोठे, त्यात हजाराहून अधिक तळी, आणि होडीने फिरण्याचे बाराशे मैलांहून जास्त मार्ग. तिथे 'कनू' नावाची निमुळती, हलकी होडी चालते. एक तळे संपले की होडी खांद्यावर उलटी घ्यायची, सामान पाठीवर, आणि झाडीतल्या पायवाटेने पुढच्या तळ्यावर जायचे. याला 'पोर्टेज' म्हणतात. या वाटांची लांबी आजही 'रॉड' या जुन्या मापात सांगतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, साधारण एका कनूएवढा. शेकडो वर्षांपूर्वी ओजिब्वे लोक बर्चच्या सालीच्या होड्यांतून याच वाटांनी जात आणि त्यांच्याकडून शिकलेले फ्रेंच वल्हेकरी कातड्यांचा व्यापार करत.

या रानात काय करता येते यापेक्षा काय करता येत नाही याची यादी मला जास्त भावली. बहुतेक तळ्यांवर मोटरबोट नाही. एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे नाहीत. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक वाटेने रोज ठरावीक गटांनाच मुक्कामाचा परवाना. डबाबंद अन्न आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत. मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच, आणि चूल पेटवायची ती तिथल्या लोखंडी जाळीतच. १९४९ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी या रानावर ४,००० फुटांखाली विमान आणायला बंदी केली, कारण श्रीमंत मंडळी विमानाने थेट तळ्यावर उतरू लागली होती. हे सगळे सुखासुखी झालेले नाही. १९२०च्या दशकात इथे धरणे बांधून वीज काढण्याची मोठी योजना होती. ती थोपवायला अर्नेस्ट ओबरहोल्टझर यांच्यासारखी माणसे वर्षानुवर्षे झगडली. पुढे ईली या छोट्या गावात राहणारे लेखक सिगर्ड ओल्सन यांनी या शांततेवर पुस्तके लिहिली आणि सभांमधून बाजू मांडली. त्यांना गावातल्याच लोकांचा रोष सोसावा लागला, कारण मोटरबोटी थांबल्या तर धंदा बुडेल ही भीती खरी होती. १९७८ साली आजचा कायदा झाला.

चौसष्टाव्या वर्षी मी लेक-जावयाबरोबर एक दिवस त्या पाण्यावर गेलो. लून नावाचा काळापांढरा पाणपक्षी तिथे ओरडतो. तो राज्यपक्षी आहे. त्याचे ओरडणे ऐकले आणि नंतर बराच वेळ तिघांपैकी कोणीच बोलले नाही. आपल्याकडे पर्युषणात मौनाचे महत्त्व सांगतात. जागा तशी असली तर मौन आपोआप येते, सांगावे लागत नाही.

तिसरे ठिकाण इटास्का. मिसिसिपी या महानदीचा उगम इथल्या तळ्यातून होतो. ती पुढे साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. उगमापाशी ती वीसेक फूट रुंद आणि गुडघाभर खोल. दगडांवर पाय ठेवून लहान मुलेही ओलांडतात. माझा नातू पलीकडे जाऊन ओरडला, "आजोबा, मी मिसिसिपी पार केली!" ओजिब्वे वाटाड्या ओझाविंडिब याने १८३२ साली हेन्री स्कूलक्राफ्टला इथे आणले, आणि गोऱ्यांच्या नकाशावर उगमाची नोंद झाली. १८९१ साली हे राज्याचे पहिले उद्यान झाले. विधिमंडळात ते एका मताने तरले, आणि त्यासाठी जेकब ब्रोवर यांनी जिवाचे रान केले होते.

पण उद्यान जाहीर झाले म्हणून वाचत नाही. लाकूडतोडीच्या धंद्यातल्यांनी पाणी अडवायला बांध घातला होता आणि काठचे उंच पाइन बुडून मरत होते. १९०३ साली उद्यानाचा कारभार मेरी गिब्ज या चोवीस वर्षांच्या मुलीकडे आला. तिने जाऊन बांधाचे दरवाजे उघडायला सांगितले. समोरून बंदूक रोखली गेली, तरी ती मागे हटली नाही. पुढे तिचे पद गेले, पण उगमापाशी जे माहिती केंद्र आहे त्याला आज तिचे नाव आहे. नातवाला ही गोष्ट सांगितली, तर त्याला नदीपेक्षा तीच जास्त आवडली.

आता हिवाळा. वर्षातले चार-पाच महिने ही तळी गोठलेली असतात आणि पारा शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत जातो. आपल्याला वाटेल की आता सगळे दारे लावून बसले असतील. उलट, तळे गोठले की ते मैदान होते. मुले त्यावर हॉकी खेळतात, लोक स्कीवर लांबच्या फेऱ्या मारतात, बर्फावर छोट्या खोल्या उभ्या करून त्यांत बसतात. मिनीआपोलिसमध्ये २००६ पासून तळ्यावरच्या हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. याच्यामागेही शिस्त आहे. राज्याचे नैसर्गिक संपदा खाते सांगते की पायी चालायला किमान चार इंच जाडीचा पक्का बर्फ हवा, आणि तरीही पूर्ण सुरक्षित असा बर्फ नसतोच. २०२३-२४ चा हिवाळा तिथे विलक्षण उबदार गेला. विर्थ यांच्या नावाच्या उद्यानात फेब्रुवारीत स्कीची जागतिक चषकाची शर्यत झाली ती बहुतांशी यंत्राने केलेल्या बर्फावर. थंडीवर उभी असलेली ही संस्कृती पुढे कशी टिकेल, ही काळजी तिथले लोक आता उघड बोलून दाखवतात.

श्रोतेहो, मिनेसोटाच्या तळ्यांबद्दल बोलायचे आणि मासेमारी टाळायची, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिथला हा सर्वांत मोठा विरंगुळा आहे. मे महिन्यात 'वॉलआय' या राज्यमाशाचा हंगाम उघडतो तो जवळजवळ सणासारखा. मी जैन आहे. गळ टाकणे मला पाहवत नाही, आणि मासा पकडून परत सोडला की दोष फिटतो हेही मला पटत नाही. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. तळी स्वच्छ ठेवणे, काठ सांभाळणे, उतार बांधणे, यांतला मोठा खर्च मासेमारीच्या परवान्यांतून आणि त्या साहित्यावरच्या करातून निघतो. म्हणजे ज्या बाकावर बसून मी णमोकार मंत्र म्हणत होतो, त्याच्या समोरचे निर्मळ पाणी काही अंशी गळ टाकणाऱ्यांच्या पैशाने राखलेले होते. या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. एवढेच म्हणतो की, जे गळ टाकत नाहीत त्यांनीही पाण्यासाठी तेवढा खर्च उचलावा, म्हणजे मग आपल्याला बोलायला तोंड राहील.

दुसऱ्या एका नियमाने मात्र मला आपल्या घरची आठवण झाली. १९८९ साली परदेशी जहाजांच्या पाण्यातून आलेले झेब्रा शिंपले दुलुथ बंदरात सापडले. ते एका तळ्यातून दुसऱ्यात गेले की तिथली जीवसृष्टी बिघडवतात. म्हणून कायदा असा की, होडी पाण्याबाहेर काढल्यावर तिथेच पुसायची, तळाचे बूच काढून आतले सगळे पाणी सांडायचे, आणि मगच रस्त्याला लागायचे. एका तळ्याचे पाणी दुसऱ्या तळ्यात जाता कामा नये. आमची आजी विहिरीचे पाणी गाळायची आणि गाळणीवर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत चालत नसे. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात. दोन्हींची कारणे वेगळी आहेत, हे मला समजते. पण बूच काढून उभा राहिलेला जावई पाहिला तेव्हा मला आजीचे पितळी भांडे दिसले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. आज ज्याला आपण सर्वांचा काठ म्हणतो तो आधी डकोटा आणि ओजिब्वे लोकांचा होता. १८६२ च्या युद्धानंतर डकोटांना राज्यातून हाकलून लावले गेले. ओजिब्वेंनी १८३७ च्या करारात जमीन दिली, पण शिकार, मासेमारी आणि रानभात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. हा रानभात, त्यांचे 'मनोमिन', उथळ तळ्यांत उगवतो आणि कनूतून जाऊन काठीने अलगद झोडून घेतात. तो त्यांच्या धर्मकथांचा भाग आहे. कराराचा हा हक्क सिद्ध करायला त्यांना १९९९ पर्यंत थांबावे लागले, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. काठ सर्वांचा आहे असे म्हणताना 'सर्व' या शब्दात कोण कधी आले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे विचारायला हवे.

मग पैसा कुठून येतो? २००८ साली, आर्थिक मंदीच्या तोंडावर, मिनेसोटाच्या मतदारांपुढे प्रश्न ठेवला गेला. विक्रीकर एक टक्क्याच्या तीन-अष्टमांश इतका वाढवावा का, आणि तो पैसा पंचवीस वर्षे फक्त स्वच्छ पाणी, वन्य अधिवास, उद्याने-वाटा आणि कला व सांस्कृतिक वारसा यांसाठीच वापरावा का? तिथे घटनादुरुस्तीचा नियम कडक आहे. जो मत देत नाही त्याचे मत विरोधी धरतात. तरीही प्रस्ताव मंजूर झाला. स्वतःवर कर लावून घेण्यासाठी लोकांनी मत दिले. साहित्यसभेत मुद्दाम सांगतो, तळे आणि वाचनालय एकाच निधीत बसवले गेले. पाणी स्वच्छ असावे आणि गावात कथा-कविता चालू राहाव्यात, या दोन वेगळ्या गरजा नाहीत, असे त्या लोकांना वाटले असावे.

आता डॉक्टर म्हणून थोडे. आपल्यापैकी जे मुलांकडे जाणार आहेत, मग ते मिनेसोटा असो की दुसरे कुठले राज्य, त्यांच्यासाठी.

पहिल्याच आठवड्यात मुलांना विचारा, "चालत जाता येईल असे उद्यान किंवा तळे कुठे आहे?" मंदिर आणि मॉल यांच्या आधी हे विचारा. शहरातल्या तळ्यावर तिकीट लागत नाही, इंग्रजी लागत नाही, ओळख लागत नाही. समोरून येणारा माणूस हसतो, आपण हसायचे. रोज त्याच वेळी गेलात तर पंधरा दिवसांत तीन-चार चेहरे ओळखीचे होतात. आमच्या सौभाग्यवतींची एका सोमाली आजीशी मैत्री झाली. दोघींची भाषा वेगळी, पण दोघींचेही गुडघे दुखत होते, तेवढे पुरले.

उंच गवतातून फिरून आलात तर घरी आल्यावर पाय, काखा, कमरेभोवती नीट पाहा. तिथे हरणांवरच्या बारीक गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो. चावल्या जागी चकतीसारखा लाल डाग पसरत गेला तर वेळ न घालवता तिथल्या डॉक्टरकडे जा आणि ते देतील ती अँटिबायोटिक्स पूर्ण घ्या. माझ्या साबुदाण्याच्या गोळ्यांची वाट पाहू नका, हे मी होमिओपॅथ म्हणून सांगतो. थंडीत एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला, कान आणि बोटे झाका. इन्सुलिन गाडीत ठेवू नका, ते गोठले की निकामी होते. गोठलेल्या तळ्यावर माहितगार माणसाशिवाय पाऊल टाकू नका. होडीत बसताना लाइफ जॅकेट घाला. दहा वर्षांखालील मुलांना चालत्या होडीत ते कायद्यानेच सक्तीचे आहे, आजी-आजोबांनी ते समजुतीने घालावे.

आणि ज्यांना चालताच येत नाही त्यांनीही निराश होऊ नये. राज्यात सत्तरहून अधिक राज्य उद्याने आणि विहारक्षेत्रे आहेत. २०२२ पासून त्यांपैकी काही ठिकाणी रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या विजेवरच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. आधी नोंदवले तर विनामूल्य मिळतात. खडबडीत वाटेवरून, बर्फावरूनही त्या जातात. इतकी वर्षे मी पेशंटला "मोकळ्या हवेत फिरा" असे लिहून देत आलो. त्या खुर्च्या पाहून मनात आले की सल्ला देणारे आम्ही पुष्कळ आहोत. तो पाळता यावा म्हणून वाट बांधणारा, बाक ठेवणारा, खुर्ची ठेवणारा कोणीतरी लागतो, आणि तो नसेल तर आमची चिठ्ठी नुसता कागद राहते.

आपल्या किल्ला तलावावर पहाटे फिरणारी बरीच मंडळी आज समोर बसली आहेत. त्यांना मी अमेरिकेची थोरवी सांगायला आलेलो नाही. तिथेही काठ विकले गेले, रान बुडवायच्या योजना झाल्या, मूळच्या लोकांवर अन्याय झाला. पण वेळोवेळी कोणीतरी उठून म्हणाले की ही जमीन आत्ताच राखून ठेवा, इथे मोटर नको, हा बांध उघडा, हा कर आमच्यावर लावा. त्यांपैकी कोणी उद्यानप्रमुख होते, कोणी लेखक, कोणी न्यायाधीश, आणि बरेचसे नुसते मतदार. पुढच्या वेळी तलावाच्या फेरीला भेटाल तेव्हा आपल्या या पाण्यासाठी आपण काय मागायचे आणि काय द्यायचे, यावर चालता चालता बोलू. मी सकाळी सहाला असतो.